शटरवाले आप्पा

शिरोळ तालुक्यातल्या माणसाला काही ना काही पाळायची खोड असते. कुणी मुऱ्हा म्हैस पाळतो, कुणी शर्यतीचा बैल पाळतो, कुणी दूध-बदाम घालून घरात पैलवान पाळतो, आणि ज्याला यातलं काहीच झेपत नाही तो एखादा पुढारी पाळतो. आमच्या गल्लीतले आप्पा टीव्ही पाळतात. जुने, लाकडी पेटीतले, मागं पोट सुटलेले. रोज सकाळी फडक्यानं पुसतात, उन्हाळ्यात पडवीत काढतात, पावसाळ्याच्या तोंडावर माडीवर चढवतात. एवढं करून एकही दूध देत नाही.

आप्पा साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क होते. सगळी नोकरी उसाच्या गाड्या तोलण्यात गेली, त्यामुळं कुठलीही वस्तू समोर आली की आधी ते तिचं वजन सांगतात. थोरल्या सुनेला बघायला गेले होते तेव्हा काय बोलून बसले, ते घरच्यांनी अजून बाहेर फुटू दिलेलं नाही. टीव्हीचं मात्र चारचौघांत सांगतात. "एकवीस इंची. चोवीस किलो. शटर धरून."

एकूण किती आहेत, हे विचारायचं नाही. "पोरं आणि टीव्ही मोजू नयेत," असं आप्पांचं मत आहे. काकी मोजतात, पण त्या रागाच्या भरात मोजतात, म्हणून आकडा दर खेपेला वाढतो. सोप्यात डायनोरा, माजघरात वेस्टन, जिन्याखाली टेलिव्हिस्टा, कणगीच्या आडोशाला सोलिडेअर. क्राऊन गोठ्यात आहे. म्हैस त्याच्या काचेत स्वतःचं तोंड बघत रवंथ करते आणि क्राऊन ठेवल्यापासून अर्धा लिटर दूध वाढलं, असा आप्पांचा दावा आहे. बघण्यासाठी घरात एकच टीव्ही आहे, थोरल्या मुलानं आणलेला, भिंतीला चिकटलेला त्रेचाळीस इंची. आप्पा त्याला कॅलेंडर म्हणतात. "कॅलेंडरवर बातम्या लागल्यात, जा बघ," असं म्हणून आलेल्या माणसाची पाठवणी करतात, आणि तो बिचारा खरंच टीव्ही बघायला गेला की त्याच्याशी पुढं संबंध ठेवत नाहीत.

नवा टीव्ही आला की आप्पा सोयरिकीला बसल्यागत चौकशी सुरू करतात. गाव कुठलं, घराणं कुठलं, आधी कुणाच्या घरात दिला होता. डायनोरा आणि सोलिडेअर मद्रासकडचे, केल्ट्रॉन केरळ सरकारचा, अपट्रॉन उत्तर प्रदेश सरकारचा, नेल्को टाटांच्या घरातला. त्या काळात आपल्याकडं राज्य सरकारंसुद्धा टीव्ही बनवत होती, हे आज कॉलेजच्या पोरांना सांगितलं तर ती आप्पांकडंच संशयानं बघतात. सगळ्यात वरचं घराणं ईसीचं. हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी १९६७ साली अणुऊर्जा खात्याखाली निघाली. तिनं अणुभट्ट्यांची उपकरणं केली, कॉम्प्युटर केले आणि टीव्हीही केले. "अणुबाँबवाल्यांनी केलाय मर्दा, असातसा न्हाई," असं आप्पा एकदा काकींच्या देखत बोलून गेले. ईसी देवघराला लागून ठेवलेला होता. तेव्हापासून काकी देवापुढं उदबत्ती लावताना काडीचा हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब धरतात.

ईसीमागं आप्पांचा एक जुना सल आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, पण त्या चित्राचा शिरोळला काय उपयोग? पुढं १९७५च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवायचा 'साईट' नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतली २,४०० गावं निवडली. महाराष्ट्र त्यात नव्हता. कर्नाटक होता, आणि कर्नाटकातले जिल्हे कुठले, तर विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. "ऊस आमच्यात, दूध आमच्यात, चार-चार नद्या आमच्यात, आणि उपग्रह विजापूरला!" हे सांगताना आप्पा आजही उठून उभे राहतात. त्या गावांतून बसवलेले संच ईसीनं केलेले होते, आणि उपग्रहाचा संदेश पकडायची तीन मीटर व्यासाची छत्री चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची होती. इस्रोच्या लोकांनी डोकं लढवून स्वस्तात केलेलं ते काम जगभर नावाजलं गेलं.

तर एका उन्हाळ्यात आप्पा साईटचा संच शोधायला एसटीनं विजापूरकडं गेले. दोन-तीन दिवसांनी परतले ते काखेत जाळीची गुंडाळी घेऊन. संच मिळाला नव्हता, पण तिथल्या एका शेतकऱ्यानं हीच ती उपग्रहाची जाळी म्हणून शपथेवर विकली होती. किती रुपयांना, हे आप्पा सांगत नाहीत. काकींनी जाळी उलटीसुलटी बघितली, एका कोपऱ्याला अडकलेलं पीस उपसलं, आप्पांच्या हातात दिलं आणि जाळी परसात नेली. सध्या त्या जाळीच्या आत काकींच्या कोंबड्या राहतात. पाहुणे आले की आप्पा त्यांना परसात नेतात आणि कोंबड्यांकडं दुर्लक्ष करून जाळी बघायला सांगतात.

हे वेड लागलं कसं, त्याचं उत्तर सोप्यातल्या मधल्या टीव्हीत आहे. त्याला दोन्ही बाजूंनी सरकणारं लाकडी शटर आहे आणि शटरला कुलूप आहे. आजच्या पोरांना टीव्हीला कुलूप ही कल्पनाच कळत नाही. पण आधी रेडिओसारखा टीव्हीलाही परवाना लागायचा, पोस्टात जाऊन दरसाल पैसे भरावे लागायचे. अशा सरकारदरबारी नोंद असलेल्या वस्तूला दार आणि कुलूप असणं तेव्हा कुणाला वावगं वाटत नव्हतं. १९८४ साली सरकारनं देशभर जवळजवळ रोज एक या हिशेबानं प्रक्षेपणाचे मनोरे उभे करायचा सपाटा लावला, आणि ऐंशीच्या त्या दशकात आमच्याही गल्लीत गुरुजींच्या घरावर ॲन्टेना उभा राहिला. आप्पांच्या वडलांकडंही पैसे होते. पण ते म्हणाले, "त्यापरीस म्हैस घीन," आणि म्हैस घेतली. आप्पांचं तरुणपण गुरुजींच्या खिडकीत गेलं.

२५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी साडेनऊला गुरुजी आंघोळ करून यायचे, कनवटीची किल्ली काढायचे, कुलूप उघडायचे आणि शटर सरकवायचे. बायाबापड्या हात जोडायच्या. ते रामाला की गुरुजींना, हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. आत घरची माणसं, त्यांच्या मागं भाऊबंद, उंबऱ्यावर बायका, आणि आप्पांच्या वयाची पोरं खिडकीच्या गजाला. त्यात गुरुजींचे मेव्हणे दर रविवारी मिरजेहून यायचे आणि नेमके खिडकीच्या रेषेत बसायचे. इंद्रजिताची शक्ती सुटली तेव्हा आप्पांना फक्त मेव्हण्यांचं टक्कल दिसत होतं. लक्ष्मण पडला, हे त्यांना उंबऱ्यावरच्या हुंदक्यांवरून कळलं. शेवटची पाटी संपायच्या आत गुरुजी उठायचे, शटर ओढायचे, कुलूप लावायचे. लंकेचं राज्य कुणाचंही होवो, किल्ली गुरुजींकडं.

मग २००५चा महापूर आला. पाणी ओसरल्यावर गल्लीभर चिखल आणि दारोदार फुगलेलं सामान पडलं होतं. गाद्या, धान्य, वह्या आणि टीव्ही. लोकांनी टीव्ही उकिरड्यावर टाकले, कारण पाण्यात बुडालेला टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं परवडत होतं. तिथंच आप्पांना गुरुजींचा टीव्ही दिसला. प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले, चारपैकी एक पाय गेलेला, पण शटर बंद आणि कुलूप जागच्या जागी. आप्पांनी तो खांद्यावर घेतला, घरी आणून ठेवला आणि तसेच गुरुजींकडं किल्ली मागायला गेले.

"आता त्यात काय राहिलंय, आप्पासाहेब?" गुरुजी म्हणाले. त्यांनी आप्पांना 'साहेब' म्हणायची ती पहिली वेळ.

"आसंल काय न्हाई ते उघडून बघतो की, गुरुजी."

किल्ली देव्हाऱ्यातल्या डबीत होती. गुरुजींनी ती दिली. आप्पांनी घरी येऊन कुलूप उघडलं, आतला गाळ पसाभर काढला, काच पुसली, पुन्हा शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. ती आजतागायत तिथंच आहे. आंघोळीतसुद्धा सोडत नाहीत, असं काकी सांगतात. याहून जास्त माहिती आम्हालाही नको आहे.

लोक म्हणतात, आप्पांना जुन्या काळाची ओढ आहे. मला ते पटत नाही. जुन्या काळानं आप्पांना खिडकीबाहेर ठेवलं होतं; त्या काळाची ओढ लागायला त्यांना वेड लागलेलं नाही. त्यांना ओढ आहे ती शटर आपल्या हातानं लावण्याची. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवून राजा केळकर संग्रहालय उभं केलं. तिथं वस्तू बघायला मिळतात. आप्पांकडं उलट आहे. पाहुणा आला की त्याला आधी खाली बसवतात. खुर्ची रिकामी असली तरी खाली. मग करदोड्याची किल्ली बाहेर येते, शटर दोन्हीकडं सरकतं, पाहुणा काळ्या काचेत स्वतःकडं बघतो, आणि त्याला काही सुचायच्या आत आप्पा शटर ओढून घेतात. "बास. उद्या या." एकदा मिरजेचे एक टक्कल पडलेले गृहस्थ वीजबिलाच्या कामाला आले होते. आप्पांनी त्यांना खिडकीबाहेरून दाखवलं.

आता चालू होणारे टीव्हीही आहेत, नाही असं नाही. दुरुस्तीला जयसिंगपूरहून एक म्हातारा मिस्त्री येतो. पडद्यावर नुसती आडवी रेघ आली की तो "व्हर्टिकल गेलं" म्हणतो, चित्र वरखाली पळायला लागलं की होल्ड फिरवतो, आणि काहीच आलं नाही की "ट्यूब वीक आहे" म्हणून चहा मागतो. ट्यूब वीक असली की विषय संपला, कारण पिक्चर ट्यूब आता देशात कुणी करत नाही. या मिस्त्रीनं आप्पांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती: प्लग काढला तरी ट्यूबच्या पोटाला जी रबरी टोपी असते तिला हात लावू नका. रंगीत टीव्हीत तिथं पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही ट्यूब तो बराच वेळ साठवून ठेवते. आप्पांनी मान डोलावली आणि तो गेल्यावर हात लावला. पलीकडच्या कणगीपर्यंत गेले. उठल्यावर पहिलं वाक्य होतं, "ट्यूब वीक न्हाई."

दुसरी अडचण कानाची. आपल्या जुन्या टीव्हीत चित्र ६२५ रेघांचं, सेकंदाला पंचवीस चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. त्या ओढताना आतून तेवढ्याच कंपनांची एक बारीक शिट्टी वाजते. टीव्ही जिवंत झाल्याची ती पहिली खूण. पण ती पोरांना ऐकू येते आणि वय झालं की ऐकू येईनाशी होते. म्हणून आप्पा टीव्ही लावताना नातवाला शेजारी उभा करतात. "वाजतंय का रं?" नातू 'वाजतंय' म्हणायचे पाच रुपये घेतो. हल्ली वीज गेलेली असतानाही वाजतंय म्हणायला लागला आहे.

आणि समजा वाजलं, ट्यूब तापली, पडदा उजळला, तरी दिसणार काय? दूरदर्शननं हवेतून येणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास सगळीकडं बंद करून टाकलं. आता या टीव्हीवर फक्त मुंग्या येतात. मध्ये डबा जोडून काहीतरी लावता येतं, मिस्त्रीनं एकदा लावूनही दिलं होतं; आप्पांनी दोन दिवसांत काढून टाकलं. त्यांना मुंग्याच बऱ्या वाटतात. त्यांच्या नातवानं शाळेत कुठंतरी ऐकलं, की या मुंग्यांतला थोडासा अंश विश्वाच्या जन्मावेळच्या उष्णतेचा असतो. ते खरंही आहे. १९६४ साली अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन या दोघांना त्यांच्या ॲन्टेन्यात न थांबणारी खरखर ऐकू आली; कबुतरांच्या शिटेमुळं असेल म्हणून त्यांनी ॲन्टेना घासूनपुसून काढला, तरी खरखर गेली नाही, आणि पुढं त्याच खरखरीबद्दल १९७८चं नोबेल मिळालं. हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या ॲन्टेन्यावर पण पारवं बसायची. आमाला कुणी काय दिलं?"

तेव्हापासून आप्पा संध्याकाळी दिवेलागणीला एखादा टीव्ही लावून विश्वाचा जन्म बघत बसतात. काकींचं म्हणणं वेगळं आहे. "मुंग्याच बघायच्या तर लाइट कशाला जाळतायसा? साखरेचा डबा उघडा ठिवते की."

२०१९च्या महापुराचा विषय मात्र काकींपुढं काढू नये. ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं, बाहेर पडा म्हणून दवंडी आली. बोट दारात येईपर्यंत दोन-चार तास हातात होते. आप्पांनी दोन्ही पोरांना हाताशी धरलं आणि सामान माडीवर न्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा गुरुजींचा टीव्ही, मग ईसी, मग वेस्टन, मग चाळीस किलोचा एकोणतीस इंची. काकी म्हैस सोडायला मागं गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत माडी भरली होती, आणि वर्षाचा शाळू खाली कणगीत होता. बोटीतल्या जवानानं विचारलं, घरात अजून कुणी राहिलंय का? आप्पांनी माडीकडं बघून सांगितलं, "वर हायत, पण त्यास्नी पवायला येत न्हाई." जवान बोटीतून उतरला. माडीवर जाऊन आला. खाली येऊन आप्पांकडं न बघता काकींना म्हणाला, "मावशी, तुम्ही पुढं बसा."

शाळू सगळा सडला. टीव्हींना ओल लागली नाही. २०२१ला पुन्हा पाणी आलं तेव्हा काकींनी आदल्या दिवशीच शाळू माडीवर टाकला आणि पोत्यांवर स्वतः जाऊन बसल्या. त्या वर्षी क्राऊन आणि बुश बुडाले. दोघं अजून त्या विषयावर समेटाला आलेले नाहीत.

जगात आपण एकटे नाही, हे आप्पांना मोबाइलवरून नातवानं दाखवलं. अमेरिकेत ओहायो राज्यात नुसत्या सुरुवातीच्या टीव्हींचं संग्रहालय आहे, लंडनमध्ये एका माणसानं राहत्या घरातच रेडिओ-टीव्हींचं संग्रहालय केलं, आणि सोनीनं १९८९च्या सुमाराला काढलेला त्रेचाळीस इंची ट्यूबवाला टीव्ही जपानात ओसाकाच्या एका नूडल्सच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर सापडला म्हणून तो अमेरिकेत नेण्यासाठी लोकांनी जिवाचं रान केलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "वजन?" एवढंच विचारलं. दोनशे किलोच्या आसपास, म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "दोन क्विंटल. बैलगाडीत बसतोय." त्या रात्री त्यांनी काकींना सोप्याची रुंदी विचारली.

संग्रह वाढतो तो मुख्यतः वाटण्यांमुळं. आमच्याकडं भावाभावांत वाटणी झाली की तांब्या, पाटा, खुंटीसुद्धा मोजून घेतात. जुना टीव्ही तेवढा कुणालाच नको असतो. त्यामुळं पंचांच्या बैठकीत आप्पा न बोलावता हजर असतात. दोघं भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर गेले तरी आप्पांची नजर माळ्यावर. वाद मिटला की ते पिशवीतून नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी काढतात, दोन्ही घरांत वाटतात आणि टीव्ही उचलतात. एकदा मात्र वाद मिटायच्या आत बर्फी काढली, आणि दोन्ही भाऊ एक होऊन आप्पांच्या अंगावर आले. गावानं त्याचंही श्रेय आप्पांना दिलं.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा टीव्ही असेल. भंगारवाल्याला देऊ नका. तो ट्यूबच्या मानेवरच्या गुंडाळीतलं तांबं काढून घेईल आणि शिसं मिसळलेली काच ओढ्यात फेकेल. त्यापेक्षा शिरोळला धाडा. टेम्पोचं भाडं आप्पा देतात, वर बर्फी देतात. शटरचा असला तर किल्ली शोधून बरोबर द्या. कुलूप तोडलेला टीव्ही ते घेत नाहीत. आणि टेम्पो गुरुवारी सकाळी यावा असं बघा. त्या वेळेला काकी नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलेल्या असतात.